नंतरचे दात

दाताच्या दवाखान्यात मदतनीस व्हायचं तर सगळ्यात आधी आपलंच तोंड चारचौघांत उघडावं लागतं, हे जागृतीला कोणी सांगितलं नव्हतं. मुकटीहून पारोळा, एरंडोल करत ती एसटीनं जळगावला आली तेव्हा तिची समजूत अशी, की डॉक्टरच्या बाजूला उभं राहायचं, मागेल ते हातात द्यायचं, संपलं काम. तिचा बाप, निंबा पाटील, तर हा कोर्सच मानायला तयार नव्हता. "दात कोरीसन पोट भरस का कोनं?" असं म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर आठ दिवस हसत राहिला. पण माय हट्टाला पेटली होती. लोकांच्या शेतात कापूस वेचून भागाबाईची बोटं फाटली होती आणि पोरीची बोटं तिला तशी होऊ द्यायची नव्हती. भागाबाईनं एकदा ठरवलं की निंबा पाटलानं फक्त टोपी नीट करायची, एवढंच त्याच्या हातात उरायचं.

क्लास जळगावात, अमन सरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. अमन सर दातांचे डॉक्टर. गोरे, गोड बोलणारे, शर्टाला कधी सुरकुती नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलींच्या जोड्या लावल्या, प्रत्येकीच्या हातात लांब दांड्याचा छोटा आरसा दिला आणि म्हणाले, "एकमेकींची तोंडं बघा. पुस्तकातले दात सगळे सारखे असतात, माणसांचे नसतात."

जागृतीच्या जोडीला मुस्कान आली. हिच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन जळगावात बांगड्यांचं दुकान टाकलेलं, घरात खाऊनपिऊन सुख, आणि लग्न जमेपर्यंत पोरीनं काहीतरी शिकावं म्हणून तिला इथं पाठवलेली. मुस्काननं तोंड उघडलं आणि जागृती बघतच राहिली. डाळिंबाचे दाणे निवडून लावावेत तसे दात. मग मुस्कानची बघायची पाळी आली. तिनं आरसा आत घातला आणि तिचा हात थांबला.

जागृतीच्या समोरच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते, मध्ये बारीक खड्डे, आणि डाव्या बाजूचा एक दात शेजारच्यावर तिरका चढून बसलेला. लहानपणच्या तापातल्या गोळ्यांनी झालं की बोअरच्या पाण्यानं, कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. तिला कळायला लागल्यापासून ती हसताना तोंडावर हात धरायची. एका स्थळानं "मुलगी सालस आहे, पण" एवढंच कळवलं होतं, आणि त्या 'पण'चा अर्थ विचारायला घरातलं कोणी गेलं नाही.

अमन सर आले, दिवा वळवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "या, या, सगळ्या इकडे या. एकाच तोंडात एवढं सगळं शिकायला मिळत नाही कधी." झालं. वर्गातली सगळी डोकी तिच्यावर वाकली. जागृतीनं डोळे मिटून घेतले. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते तिला त्या खुर्चीत कळलं.

संध्याकाळी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा हात चांगला आहे, लक्ष आहे. पण खरं बोलतो. जिचे दात असे, तिच्याकडे बघून पेशंट आपलं तोंड उघडेल का? कोणता डॉक्टर तुला पुढे उभी करेल?" मग सरांनी तो गोड स्वर काढला. "मी तुझे दात करून देतो. समोरच्या सहांना कॅप. वर्षभर मुलींना तुझ्या तोंडावर शिकू दे, शेवटी मी करून देतो. शब्द दिला."

तिनं त्याच रात्री मायला फोन केला. भागाबाईनं तिला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "देव माणूस शे तो."

देव माणसानं मग वर्षभर तिचं तोंड वापरलं. गुलाबी पावडर पाण्यात कालवून, रबरी वाटीत घोटून, ट्रेमध्ये भरून दातांचा साचा घ्यायला मुली शिकल्या त्या जागृतीच्या तोंडात. कोणी पातळ कालवलं तर ते थेट घशात ओघळायचं, उलटी उसळायची, डोळ्यांतून पाणी यायचं. कोणी घट्ट कालवलं तर ट्रे निघता निघत नसे. पाणी ओढून घेणारी नळी कुठं धरायची, गाल कसा बाजूला करायचा, कोणत्या दाताला कोणता नंबर, सगळं तिच्याच तोंडात. हिरड्या सोलून निघायच्या. जेवायला बसली की चटणी झोंबायची. पण ती एक अक्षर बोलली नाही, कारण प्रत्येक साच्याबरोबर आपले नवे दात एक पाऊल जवळ येतायत असं तिला वाटायचं. आशा माणसाकडून काय काय सहन करून घेते!

आणि ती शिकलीही मन लावून. डॉक्टरनं न बघता हात पुढे केला की नेमकं अवजार त्या हातात पडलं पाहिजे, ते पडायचं. सुईवर टोपण दोन हातांनी लावायचं नाही, एका हातानं उचलायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं. अवजारं कशी धुवायची, पाकिटात कशी बंद करायची, वाफेच्या मशीनमधून काढल्यावर पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला की नाही ते कसं बघायचं, सगळं. पण सरांचा जोर होता बोलण्यावर. पेशंटशी कसं बोलायचं याचा वेगळा तास असायचा. सुई म्हणायचं नाही. रक्त म्हणायचं नाही. 'काढायचा' म्हणायचं नाही. पेशंट घाबरला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि सांगायचं, असे किती जणांचे आम्ही रोज करतो. "खरंखोटं तपासायला पेशंट येत नाही," सर म्हणायचे, "तो धीर घ्यायला येतो." मुली हे वहीत उतरवून घ्यायच्या.

एकदा सरांनी मोठा कॅमेरा आणला. ओठ मागे ओढून धरणारा प्लास्टिकचा चिमटा तिच्या तोंडात बसवला आणि दातांचे फोटो काढले. "तुझ्या केसचे आधीचे फोटो," ते म्हणाले. जागृतीनं चिमटा निघाल्यावर विचारलं, "सर, कुणाला दाखवणार?" सर हसले. "अगं, चेहरा कुठे दिसतोय? नुसते दात. दातांवर काय नाव लिहिलेलं असतं?" त्या दिवशी तिला फार बरं वाटलं. आधीचे फोटो काढले म्हणजे नंतरचेही निघणार, एवढं साधं गणित होतं.

पण ते नंतर काही येईना. दिवाळीनंतर करू. लॅबवाल्याकडे काम साचलंय. परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, जागृती पहिली आली, प्रमाणपत्रं वाटली, पेढे वाटले. मुस्कानचं लग्न ठरलं म्हणून ती गेली. शेवटी जागृतीनं धीर करून विचारलं तेव्हा सर म्हणाले, "धुळ्याला माझा पार्टनर आहे, नवल. नवा दवाखाना टाकलाय आम्ही. तिथं तुला चिकटवून देतो. दातांचं तोच बघेल."

डॉक्टर नवलला तिच्या दातांचं काही माहीतच नव्हतं. तिनं विषय काढला तर तो भुवया उंचावून म्हणाला, "अमन बोलला नाही काही. बघू पुढे." मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "तू काम कर. फक्त पेशंटसमोर मास्क खाली करायचा नाही. पाणी प्यायचं असलं तरी मागे जाऊन."

तर अशी जागृतीला नोकरी लागली. नाकापासून हनुवटीपर्यंत झाकून. दोन मुलींबरोबर खोली घेऊन ती धुळ्यातच राहायला लागली. दवाखाना रात्री उशिरा बंद व्हायचा, मुकटीची शेवटची गाडी निघून गेलेली असायची. माय फोनवर विचारायची, "दात व्हयनात का?" आणि ती म्हणायची, काम चालू आहे. एकदा असं म्हटलं की पुढच्या वेळी वेगळं काय म्हणणार?

मग जळगावहून फ्लेक्स आला. डॉक्टर नवलनं तो पेशंटच्या बाकासमोरच्या भिंतीवर लावून घेतला. खोलीच्या अर्ध्या भिंतीएवढा. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर', खाली दोन्ही डॉक्टरांची नावं. 'आधी'मध्ये तपकिरी पट्टे होते, खड्डे होते, आणि डावीकडचा तिरका दात शेजारच्यावर चढून बसला होता. परातीएवढे मोठे दात. जागृतीच्या हातातला ट्रे खाली पडला. आणि उजवीकडे डाळिंबाचे दाणे. ते दात तिनं पहिल्याच दिवशी आरशात पाहिले होते. तिनं फोटो काढून मुस्कानला पाठवला.

मुस्कानचा लगेच फोन आला. "अगं, हे माझे आहेत! सर म्हणाले होते, रंग जुळवायला नमुना हवा." ती हसली, मग तिनं विचारलं, "आणि तुझे केलेच नाहीत?" जागृतीनं फोन ठेवून दिला. मुस्कानचा काही दोष नव्हता, म्हणून तर तिच्याशी बोलणं आणखी कठीण.

अमन सरांना फोन केला तर ते अजिबात ओशाळले नाहीत. "चेहरा दिसतो का? मग? आणि जागृती, समजून घे. जाहिरातीत तुझी केस पूर्ण झालीय. आता तुझ्यावर पुन्हा खर्च करून नवीन काय मिळणार?" असं ते इतक्या शांतपणे म्हणाले, की क्षणभर तिलाही ते रास्त वाटलं. मग मागच्या खोलीत जाऊन, अवजारं धुवायच्या नळाखाली हात धरून ती रडली. राग आला होता तो सरांचा, पण त्याहून जास्त स्वतःचा. वर्षभर तोंड उघडं ठेवलं, आणि एकदाही उघडून बोलले नाही.

नोकरी मात्र तिनं सोडली नाही. सोडून कुठं जाणार? कापूस वेचायला?

फ्लेक्सनं काम चोख केलं. पेशंट बाकावर बसले की समोर तेच. खरंच असे होतात का, असं कोणी विचारलं की जागृती मास्कच्या आतून "हो" म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. डॉक्टर नवल कॅपचं काम दोन दिवसांच्या कुठल्या शिबिरात शिकलेला. त्यानं कॅप बसवलेली एक बाई हिरड्या सुजवून परत आली होती आणि जागृतीनं तिच्या तोंडातला पू स्वतः पुसला होता. कॅप बसवायची म्हणजे आपला दात चहूबाजूंनी घासून खुंट करायचा. घासलेला दात परत येत नाही. हे तिला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, फ्लेक्सवर मात्र लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी बाकावर सिताराबी आणि तिची मुलगी रूही बसल्या होत्या. धुळ्यातल्याच, नवरा यंत्रमागावर कामाला. रूहीचा निकाह ठरलेला आणि दातांवर जागृतीसारखेच डाग. दात तसे धडधाकट, नुसता रंग वाईट. सिताराबी तिसऱ्यांदा आली होती आणि तिसऱ्यांदाही तिचं मन होईना. "डॉक्टर तर म्हणतात होतं," ती बाजूच्या बाईला सांगत होती, "पण घासतात म्हणे. नंतर काही झालं तर पोरीच्या सासरी काय तोंड दाखवू?" डॉक्टर नवल दारात उभा राहून चुळबुळ करत होता.

तेवढ्यात जिन्यावरून भागाबाई वर आली. बाजाराला आली होती. हातात फडक्यात बांधलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा. लेकीला न सांगता यायचं, दचकवायचं, हा तिचा जुना शौक. दोन-तीन आठवड्यांत पोर घरी आली नव्हती. आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीकडे बघून ती जागीच उभी राहिली.

दातांवर नाव लिहिलेलं नसतं म्हणतात. पण जिनं त्या तोंडात पहिला घास घातला तिला नाव वाचायची काय गरज?

"आवं जागू! ह्या त तुनाच दात शेतस!" भागाबाईचा आवाज सगळ्या दवाखान्यात घुमला. मग तिची नजर उजवीकडे सरकली. "आनि आते असा व्हई गयात? आनि माले सांगं बी नही?" तिचे डोळे भरून आले. तिनं भाकर बाकावर ठेवली आणि लोकांकडे वळली. "मनी पोर शे ही. ह्या तिना दात शेतस. मी माय शे तिनी, मी वळखस."

बाकावरचे सगळे जागृतीकडे बघायला लागले. सिताराबी उठून उभी राहिली. "अक्का, खरंच? तुमच्याच मुलीचे?"

"मंग काय खोटं सांगस? लहानपनपाईन तोंडवर हात धरीसन हसे ती. जागू, काढ बरं ते फडकं, दखू दे माले!"

जागृतीनं मास्क नाकावर घट्ट दाबला. तिनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर नवल हसत होता. असा साक्षीदार त्याला शोधूनही मिळाला नसता. "इथं मास्क काढत नाहीत, मावशी," तो पुढे येऊन म्हणाला, "जंतू असतात. जेवताना बघा लेकीला." मग सिताराबीकडे वळून, "काय करायचं मग?"

सिताराबीनं एकदा फ्लेक्सकडे पाहिलं आणि एकदा भागाबाईकडे. आईनं आईवर विश्वास ठेवला. "करून टाका," ती म्हणाली. डॉक्टरनं जेवणानंतरची वेळ दिली आणि तो घरी जेवायला गेला. सिताराबी आणि रूही तिथंच बाकावर थांबल्या.

जागृती मायला मागच्या खोलीत घेऊन आली. वाफेच्या मशीनशेजारी दोन स्टुलं होती. भागाबाईनं फडकं सोडलं, भाकर मोडली, ठेचा वर घातला आणि तुकडा लेकीपुढे धरला. आणि वाट बघत राहिली, तोंडभर हसत. आता मास्क काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जागृतीनं तो कानांवरून सोडला.

भागाबाईचा हात तसाच हवेत राहिला. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. जागृतीला वाटलं, आता माय रडेल, सरांना शिव्या देईल, छातीशी धरेल. वर्षभराचं सगळं तिच्या ओठांवर येऊन थांबलं होतं. मायनं नुसतं विचारलं असतं तरी ती ओक्साबोक्शी रडली असती.

पण भागाबाईनं दाराकडे पाहिलं. "मंग ती पोर?" ती हळूच म्हणाली. "मी तिना मायले काय सांगी बसनू?"

"माय, तू जेव."

"जेवू कशी? ती मना शब्दवर बसनी शे. मी सांगी येस तिले." आणि ती उठलीच.

जागृतीनं तिचं मनगट पकडलं. घट्ट. "बस." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तू सांगं का त्या उठी जातीन. आनि सकायपाईन मी घर राहसू. तुना संगे कापूस येचाले. चाली तुले?"

भागाबाईनं लेकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. ती खाली बसली. दोघींपैकी कोणीच जेवलं नाही. खालून रस्त्यावरचा बाजाराचा कालवा ऐकू येत होता. थोड्या वेळानं भागाबाईनं भाकर तशीच पुन्हा फडक्यात बांधली आणि म्हणाली, "चालनू मी. गाडी शे." जागृतीनं मास्क लावला आणि तिच्या मागोमाग बाहेर आली.

बाकावरून सिताराबी उठली. "निघालात, अक्का? तुम्ही भेटलात म्हणून हिंमत झाली. अल्ला तुमच्या लेकीचं भलं करो."

भागाबाई थांबली. आता माय सांगणार, असं जागृतीला वाटलं, आणि त्या क्षणी तिला कळलं की मायनं सांगावं हीच आपली इच्छा आहे. मनगट पकडलं, धमकावलं, तरी मायनं ऐकू नये. आपल्याच्यानं जे होत नाही ते मायनं करून टाकावं. भागाबाईनंच एकदा ठरवावं.

भागाबाई वाकली. हातातलं फडकं तिनं रूहीच्या मांडीवर ठेवलं.

"खाई ले बेटा आते," ती म्हणाली. "मंग दोन दिन खाता येवाव नही."

आणि वर न बघता जिना उतरून गेली. रूहीनं फडकं सोडलं, भाकर मोडली आणि आईला अर्धी दिली. जागृती खुर्चीवरचं कापड बदलायला आत गेली. तिला मायचा इतका राग आला होता, की कापड ओढताना त्याची कडाच फाटली.